यवतमाळहून बिबवेवाडीला

प्रति,
माननीय प्राचार्य, प्राध्यापकवर्ग आणि विद्यार्थी,
युनियन बिब्लिकल सेमिनरी, बिबवेवाडी, पुणे.



आपली सेमिनरी 1953 साली यवतमाळात सुरू झाली आणि 1983 साली पुण्याला गेली. ती जायला नको होती, असं रडगाणं गायला हे पत्र नाही. देशभरातून विद्यार्थी यायचे तर मोठं शहर बरं, हे कुणालाही कळतं. पण सेमिनरी ज्या गावातून उठली त्या गावच्या मंडळ्यांपुढे आज जे प्रश्न आहेत, ते नेमके तुमच्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांतले आहेत. म्हणून पत्र तुम्हाला. आणि खुलं एवढ्यासाठी, की विदर्भातल्या पाळकांनी आणि मंडळीतल्या वडिलांनीही ते वाचावं. त्यांच्याशीही थोडं भांडायचं आहे.

मी लोहाऱ्याचा. यवतमाळला चिकटलेलं हे गाव. एमआयडीसी आहे, डेनिमचा कारखाना आहे, आणि शेडची रांग संपली की कपाशी आणि तूर. इथं ख्रिस्ती घरं मोजकी. उपासनेला लोक शहरात जातात आणि आठवड्यातल्या एका संध्याकाळी तरुण पोरं कुणाच्या तरी घरी शास्त्रपाठाला बसतात. मीही बसतो. पूर्वी पोरं एखाद्या वचनावर बोट ठेवून प्रश्न विचारायची. आता मोबाइल पुढे करतात.

एका पोरानं रील दाखवली. मिनिट-दीड मिनिटाची. मागे बासरी, पडद्यावर बर्फाचे डोंगर आणि हिंदीतला एक भारदस्त आवाज : येशू क्रुसावर मेलाच नाही, तो तरुणपणी भारतात शिकायला आला होता, नंतरही इथंच परतला, काश्मिरात त्याची कबर आहे आणि चर्चनं हे सगळं लपवून ठेवलं. पोरगा आयटीआयला वेल्डिंग शिकतो. त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती. "मंग आमाले हे आतापर्यंत कोनी सांगतलं काऊन नाही?" एवढंच त्यानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तिथल्या एका ज्येष्ठ भावांनी मोबाइल त्याच्या हातातून घेतला, सतरंजीवर पालथा ठेवला आणि म्हणाले, "हे सैतानाचं काम आहे, पाहू नको." पुढच्या पाठाला तो पोरगा आला नाही.

खोट्या शिकवणुकीला तोंड द्यायची आपली पद्धत बहुतेक वेळा अशीच असते. घरात असलो तर 'पाहू नको', रस्त्यावर असलो तर 'बंदी घाला'. दोन्हींच्या मुळाशी एकच भीती असते : हा दावा पोरांसमोर उघडून ठेवला तर आपल्याकडे उत्तर नसेल. आणि गंमत अशी, की उत्तर आहे. सव्वाशे वर्षांपासून आहे. फक्त ते लोहाऱ्यापर्यंत पोहोचलेलं नाही.

त्या रीलचा बाप म्हणजे निकोलस नोटोविच नावाचा एक रशियन लेखक. 1894 साली त्यानं पॅरिसमध्ये फ्रेंच पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं असं, की लडाखमध्ये फिरताना पाय मोडला म्हणून तो हेमिसच्या बौद्ध मठात राहिला आणि तिथल्या लामांनी त्याला 'इसा'च्या भारतातल्या वास्तव्याची पोथी वाचून दाखवली. पुस्तक धडाधड खपलं. त्याच वर्षी मॅक्स म्युलरनं, म्हणजे ज्याला ख्रिस्ती मिशनऱ्यांचा हस्तक म्हणता येणार नाही अशा माणसानं, इंग्रजी मासिकात लेख लिहून शंका काढल्या. एवढ्यावर थांबला नाही तो आग्र्याच्या सरकारी कॉलेजातला एक प्राध्यापक, जे. आर्चिबाल्ड डग्लस. हा गृहस्थ 1895 साली स्वतः हेमिसला गेला. खरं तर तो नोटोविचवर विश्वास ठेवून निघाला होता. तिथं त्यानं दुभाष्यामार्फत मठाच्या मुख्य लामांना पुस्तकातले उतारे ऐकवले. पाय मोडलेला कुणी गोरा प्रवासी इथं राहिला नाही आणि अशी पोथी मठात नाही, असं लामांनी सांगितलं. लेहच्या मोरावियन मिशनच्या दवाखान्यात मात्र नोटोविचची आठवण निघाली. तिथं त्यानं इलाज करून घेतला होता, पण दुखत होता तो दात. डग्लसनं हे सगळं 1896 साली छापलं.

पोरांना ही गोष्ट सांगितली तेव्हा दाताच्या जागी सगळे हसले. हसले आणि मग प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. तेव्हा दुसरी बाजूही सांगावी लागली. स्वामी अभेदानंद 1922 साली हेमिसला गेले होते आणि आपल्याला तिथं अशी पोथी दाखवली गेली, असं त्यांनी लिहून ठेवलंय. ते संन्यासी होते, नोटोविचसारखे बाजारू नव्हते. पण ती पोथी अभ्यासकांच्या हाती कधी आली नाही, आणि जी तपासताच येत नाही तिच्यावर इतिहास उभा राहत नाही. हे न सांगता नुसता नोटोविचचा दात सांगितला असता, तर उद्या दुसरी रील अभेदानंदांचं नाव घेऊन आली असती आणि पोरांनी म्हटलं असतं, तुम्ही अर्धंच सांगितलं. प्रतिपक्षाचा सगळ्यात बळकट मुद्दा आपल्याच तोंडून आधी निघाला पाहिजे. त्यानं आपलं वजन कमी होत नाही.

काश्मिरातल्या कबरीची हकिकत तर आणखी सुरस आहे. श्रीनगरच्या खानयार भागातला रोझाबल दर्गा, तिथं युझ आसफ नावाचा कुणी पुरुष पुरलेला आहे. हीच येशूची कबर, असं अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडलं. पण युझ आसफची जी कथा अरबी-फारसीतून फिरत आली, ती मुळात गौतम बुद्धाची कथा, असं अभ्यासक सांगतात. तीच कथा दुसऱ्या वाटेनं युरोपात गेली, आणि तिथल्या चर्चनं तिच्या नायकाला संत जोसाफात करून शेकडो वर्षं त्याचा सण पाळला. म्हणजे काश्मिरात बुद्धाच्या कथेतल्या माणसाला कुणी येशू म्हणालं आणि युरोपात ख्रिस्ती लोकांनी त्यालाच संत केलं. आमच्या विदर्भात शेजारच्या घरात बुद्धजयंती होते. ही गोष्ट तिथल्या पोरांनाही सांगता येते. तीही आवडीनं ऐकतात.

मराठीला हा विषय परका नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. बाबाराव सावरकरांचं 'ख्रिस्त परिचय' 1946 साली, त्यांच्या निधनानंतर छापलं गेलं. त्यात ख्रिस्त हा जन्मानं तमिळ हिंदू, विश्वकर्मा ब्राह्मण. क्रुसावर तो मेला नाही, त्याला वाचवण्यात आलं आणि अखेरचे दिवस त्यानं हिमालयात काढले, अशी मांडणी आहे. मुंबईच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकानं 2016 च्या फेब्रुवारीत ते पुन्हा काढलं, तेव्हा बातमी देशभर गेली. पु. ना. ओकांनी तर ख्रिस्ती धर्म म्हणजे कृष्णनीती आणि व्हॅटिकन म्हणजे वाटिका इथपर्यंत मजल मारली होती. आज व्हॉट्सॲपवर फिरतो तो बहुतेक माल याच दोन-तीन गोदामांतला आहे. पाकीट तेवढं नवं.

2016 साली एक गोष्ट मात्र मला चांगली वाटली. दगडफेक झाली नाही, पुस्तक जाळलं गेलं नाही. पण वाईटही एक वाटली. मंडळ्यांतून कुणी ते पुस्तक वाचून मराठीत परिच्छेदानिशी उत्तर लिहिलं, आणि ते उत्तर खेड्यातल्या पाळकाच्या हाती पडलं, असं आमच्या भागात तरी झालं नाही. 'याने आमची श्रद्धा ढळणार नाही' हे वाक्य सगळ्यांनी म्हटलं. वाक्य खरं आहे, पण ते ज्याची श्रद्धा पक्की आहे त्याच्याबद्दलचं आहे. वेल्डिंग शिकणाऱ्या पोराच्या प्रश्नाला ते उत्तर नाही.

आता बंदीचं बोलू. 2005 साली विनोद पांडे यांचा 'सिन्स' हा सिनेमा आला. एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या अनैतिक संबंधांवरचा. मुंबईत कॅथलिक संघटना रस्त्यावर उतरल्या. पुढच्याच वर्षी 'द दा विंची कोड'. उपोषणं झाली. मुंबईतल्या एका माजी नगरसेवकानं लेखक डॅन ब्राऊनच्या डोक्यावर लाखो रुपयांचं बक्षीस लावलं! येशूच्या अनुयायानं, येशूच्या अब्रूसाठी, माणसाच्या मुंडक्याचा भाव फोडावा, यापेक्षा मोठी खोटी शिकवण त्या सिनेमात नव्हती. केंद्रीय मंत्री प्रियरंजन दासमुन्शींनी चर्चच्या प्रतिनिधींसोबत सिनेमा पाहिला. 'अ' प्रमाणपत्र आणि 'हे सगळं काल्पनिक आहे' अशी पाटी लावून तो 26 मे 2006 ला देशात लागला. तमिळनाडू, आंध्र प्रदेश अशा काही राज्यांनी तरी बंदी घातलीच. तिथल्या उच्च न्यायालयांनी ती उठवली. 2012 साली 'कमाल धमाल मालामाल'मधल्या नाचणाऱ्या पाद्र्यावरून पुन्हा तेच.

या सगळ्यातून काय मिळालं? ज्यांनी कधी डॅन ब्राऊनच्या कादंबरीला हात लावला नसता त्यांनी ती विकत घेतली. मराठीतही ती वाचली गेली. आणि आपल्याविषयी लोकांच्या मनात राहिलं ते एवढंच, की हे लोकही बाकीच्यांसारखेच चिडतात.

यवतमाळच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जानेवारी 2019 मध्ये इथं 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. इंग्रजी लेखिका मराठी संमेलनाला कशाला, म्हणून उधळून लावण्याच्या धमक्या आल्या आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. परिणाम? त्यांचं न झालेलं भाषण वर्तमानपत्रांत छापून आलं, ठिकठिकाणी त्याचं जाहीर वाचन झालं. मांडवात पाच-दहा हजार लोकांनी ऐकून विसरलं असतं ते भाषण महाराष्ट्रभर झालं. संमेलनाचं उद्घाटन मग आमच्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी, आणि त्या जे बोलल्या ते कुठल्याही साहित्यिकाच्या तोंडात मारेल असं होतं. पण तो वेगळा विषय.

त्याच्या पुढचं, 93 वं संमेलन उस्मानाबादला झालं आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, म्हणून त्यांनाही विरोध झाला, धमक्या झाल्या. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक 2011 च्या जनगणनेप्रमाणे एक टक्कासुद्धा नाहीत. भावना दुखावल्या म्हणून तोंड बंद करायचं हत्यार ज्या देशात चालतं, त्या देशात ते शेवटी संख्येच्या हातात जातं. आपण 'सिन्स'वर ते उगारलं तेव्हा आपण त्याला धार लावून दिली, एवढंच. उद्या एखाद्या तालुक्यात प्रार्थनासभेवर तेच उगारलं जाईल तेव्हा आपण कोणत्या तोंडानं बोलणार?

आणि दिब्रिटोंनी काय केलं होतं? वर्षानुवर्षं 'सुवार्ता' मासिक चालवलं, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी लढले, आणि 'सुबोध बायबल' लिहिलं. अशा मराठीत, की कुठलाही मराठी वाचक ते पुस्तक परकं न मानता उघडेल. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2024 च्या जुलैत ते गेले. खोट्या शिकवणुकीविरुद्ध त्यांनी किती मोर्चे काढले मला माहीत नाही, पण खऱ्या शिकवणुकीचं पुस्तक लोकांच्या घरात नेऊन ठेवलं. आम्ही प्रॉटेस्टंट, ते कॅथलिक. आमच्यातल्या काहींना हे कौतुक झेपणार नाही. न झेपो.

'दा विंची कोड'कडे परत येतो, कारण तो अजून संपलेला नाही. सिनेमा कुणी पाहत नाही, पण त्यातले दावे मोबाइलवर तुकड्या-तुकड्यानं जिवंत आहेत. इसवी सन 325 मध्ये निकियाला मतदान झालं आणि थोडक्या मतांनी येशूला देव ठरवलं. तिथंच कुठली शुभवर्तमानं ठेवायची आणि कुठली जाळायची ते ठरलं. आणि मग्दालिया मरिया ही येशूची बायको. यातला पहिला दावा तर सरळ पडतो. निकियात जमले होते तीनशेच्या आसपास बिशप आणि विश्वासांगीकारावर सही करायला शेवटपर्यंत नकार दिला तो दोघांनी. वाद होता तो देवपणाच्या अर्थावर, अरियसच्या मांडणीवर. येशू साधा माणूस की देव, असं हात वर करून मोजलं गेलं नाही. दुसरा दावाही टिकत नाही. कुठली पुस्तकं शास्त्रात, हा विषय निकियाचा नव्हताच. चार शुभवर्तमानं, ना तीन ना पाच, हा हट्ट इरेनियस त्याच्या आधी सव्वाशेहून जास्त वर्षं धरून बसला होता आणि आपली सत्तावीस पुस्तकांची यादी अथनाशियसच्या पत्रात येते ती 367 साली.

पण मरियेपाशी आलो की आपल्याला जपून बोलावं लागतं. डॅन ब्राऊन म्हणतो, चर्चनं मरियेला बदनाम केलं. बायको होती हे खोटं आहे, त्याला पुरावा नाही. बदनाम केलं हे मात्र खरं आहे. चारही शुभवर्तमानं वाचा. मग्दालिया मरिया क्रुसापाशी आहे, रिकाम्या कबरेपाशी आहे, पुनरुत्थानाची खबर शिष्यांना देणारी ती आहे. तिच्यातून सात भुतं निघाली असं लूक सांगतो. ती वेश्या होती असं एकही जण सांगत नाही. ते सांगितलं पोप ग्रेगरीनं, 591 साली एका प्रवचनात, तीन वेगवेगळ्या बायका एक करून. कॅथलिक चर्चनं 1969 साली आपल्या दिनदर्शिकेत ती चूक सुधारली. आपण? आपल्या मराठी मंडळ्यांत आजही पश्चात्तापी वेश्येचं उदाहरण द्यायचं झालं की उपदेशक मग्दालिया मरियेचं नाव घेतो. ज्यांना रोमचा पोप मान्य नाही, त्यांना त्याची चौदा शतकांपूर्वीची चूक मात्र मान्य आहे! संडे स्कूलच्या नाटकात तिला लाल साडी नेसवतात. खोटी शिकवण लोकप्रिय कशी होते हे शिकायला हॉलिवूडपर्यंत जायची गरज नाही. आपल्या नाताळ-ईस्टरच्या नाटकांची पेटी उघडली तरी पुरे. आणि बाहेरच्यानं आपली खरी चूक दाखवली, तर ती त्याच्या खोट्यासकट फेकून द्यायची नसते. निवडून घ्यायची असते.

आपल्याच परंपरेत याची एक अशी शाळा आहे जिच्याबद्दल सेमिनरीत शिकवत असाल, मंडळीत कुणी सांगत नाही. 1857 चे पहिले काही महिने. मुंबईचा समुद्रकिनारा. विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे विष्णु भिकाजी गोखले, संध्याकाळी वाळूवर उभे राहून ख्रिस्ती धर्मावर आक्षेप घेताहेत. समोर मिशनरी आणि मराठी ख्रिस्ती. भोवती बघ्यांची ही गर्दी. बुवा कच्चे नव्हते. बोलण्यात तर असे तरबेज, की गर्दी त्यांच्याच बाजूची. एकदा नाही, किती तरी संध्याकाळी हा वाद चालला. अमेरिकन मिशनचे जॉर्ज बोवेन यांनी काय केलं? बुवांवर फिर्याद नाही केली. दोन्ही बाजूंचं बोलणं टिपून त्याच वर्षी पुस्तक छापलं. म्हणजे आपल्या विरोधकाचे आक्षेप आपल्याच पुस्तकातून लोकांच्या हाती दिले. हिंदू वाचकांना बुवा जिंकले असं वाटलं, ख्रिस्ती वाचकांना मिशनरी जिंकले असं वाटलं. ते सोडा. वाळूवर उभं राहून शेवटपर्यंत ऐकून घेणं हे दोघांनाही जमलं, हे मला मोठं वाटतं.

त्याच्याही आधी काशीत नीलकंठशास्त्री गोरे ख्रिस्ती धर्माचं खंडन करायला निघाले होते. त्यांनी संस्कृतात खंडन लिहिलंही. त्यांना कुणी 'वाचू नको' म्हणालं नाही, कुणी हाकललं नाही. मिशनऱ्यांशी चर्चा वर्षानुवर्षं चालली आणि 1848 साली ते स्वतः ख्रिस्ती झाले. पौलही अथेन्सात गेला तेव्हा मूर्ती पाहून त्याचा जीव कासावीस झाला, हे प्रेषितांची कृत्ये सांगतं. पण अरेयपगात उभा राहिल्यावर त्यानं त्यांच्याच कवींचा आधार घेतला. म्हणजे त्यानं ते कवी वाचले होते. आज पौल यवतमाळला आला तर तो आधी पोरांचा मोबाइल मागून घेईल, पालथा ठेवायला नव्हे.

इथपर्यंत बाहेरचं झालं. आता जे लिहितो त्यानं आमच्यातली काही माणसं माझ्याशी बोलायची बंद होतील.

आमच्याकडची एक मावशी. नवरा नाही, तीन एकर कोरडवाहू, त्यात कपाशी. तिच्या घरी गेलो तर देवघर असावं तसं टीव्हीच्या शेजारी फळीवर बायबल, त्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर बाटली. बाळगुटीच्या बाटलीएवढी. आत खोबरेल, बाहेर एका उपदेशकाचा हसरा फोटो आणि खाली मोबाइलवरून पैसे पाठवायचा चौकोनी कोड. मोबाइलवरच्या सभेत त्यांनी सांगितलं होतं, विश्वासाचं बी पेरा, शंभरपट उगवेल. तिनं ते बी पेरलं होतं. किती, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कृषी केंद्राची उधारी तशीच होती. एवढ्यावर भागलं असतं, पण तिनं शुगरची गोळीही थांबवली होती. गोळी घेणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. सरकारी दवाखान्याच्या चिठ्ठीची घडी त्याच बायबलमध्ये खूण म्हणून होती.

मावशीच्या घरी कधी कुणी निषेधाचा ठराव घेऊन आलं नाही. काश्मिरातल्या कबरीच्या रीलनं तिचं काही बिघडवलं नव्हतं. तिनं ती पाहिलीही नसेल. तिचं वाटोळं करायला निघाली होती ती शिकवण 'हालेलुया' म्हणत आली होती, शास्त्रवचनं पाठ म्हणत आली होती, आणि ज्या ज्येष्ठ भावांनी मोबाइल पालथा घातला त्याच भावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आली होती. समृद्धीच्या या सुवार्तेला हॉलिवूड लागत नाही. तिला कर्जबाजारी जिल्हा लागतो, आणि तसा तो देशाला माहीत आहे. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं याच जिल्ह्यात वीसेक माणसं गेली. अशा ठिकाणी 'तुझ्या विश्वासात कमी आहे म्हणून तुझं पीक गेलं' हे सांगणं म्हणजे ईयोबाच्या त्या मित्रांसारखं बोलणं झालं. देवानं त्या मित्रांना शेवटी काय सुनावलं ते आपण शिकवतो. मग या उपदेशकांची नावं घेताना जीभ का अडखळते?

का अडखळते ते मला माहीत आहे. 'अभिषिक्ताला हात लावू नका' हे वचन ढालीसारखं पुढे येतं. शिवाय आपण आपल्यातल्यांविरुद्ध बोललो तर विरोधकांना आयतं सापडेल, ही भीती. पण महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर तो आला. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं त्यात गुन्हा आहे, आणि तो करणाऱ्याच्या गळ्यात माळ आहे की क्रूस, हे कायदा पाहत नाही. आपण बोललो नाही तर पोलीस बोलतील, आणि तेव्हा त्या एका बाटलीपायी सगळ्या मंडळ्या बदनाम होतील. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं वेगळं. ती आम्ही करतो, मावशीसाठीही केली. आणि प्रार्थना झाल्यावर तिला दवाखान्यात नेलं. गोळी पुन्हा सुरू झाली आहे. बाटली अजून तिथंच आहे; ती उचलून फेकायची माझी हिंमत झाली नाही आणि फेकणं बरोबरही झालं नसतं.

तर आता मागणं.

आपल्याकडे हिब्रू-ग्रीक जाणणारी माणसं आहेत, मंडळीचा इतिहास शिकवणारी आहेत, ग्रंथालय आहे. आमच्याकडे प्रश्न आहेत. सुटीत विद्यार्थी प्रचाराला, सेवेला बाहेर पडतातच. त्यातल्या दोघा-दोघांना यवतमाळ जिल्ह्यात पाठवा. उपदेश करायला नको. उपदेश आमच्याकडे भरपूर होतो, कधी कधी दोन-दोन तास. त्यांनी संध्याकाळी पोरांमध्ये बसावं, मोबाइलवर जे येतं ते सगळ्यांसमोर पाहावं, आणि जे खोटं आहे ते कशामुळे खोटं, जे खरं आहे ते कितपत खरं, जे सांगता येत नाही ते का सांगता येत नाही, हे मराठीत बोलावं. मराठी न येणारा विद्यार्थी आला तरी चालेल, मणिपूरचा असो की केरळचा. आमची पोरं हिंदी जाणतात आणि वऱ्हाडी शिकवायला त्यांना फार आवडतं.

दुसरं, उत्तरं लिहून द्या. पुस्तक नको, पुस्तक इथं कोण घेतं. नोटोविचवर एक पान, निकियावर एक पान, मरियेवर एक पान, आणि त्या तेलाच्या बाटलीवर एक पान. ते शेवटचं सगळ्यात आधी. उपासनेनंतर उभं राहून कुणालाही वाचून दाखवता येईल आणि मोबाइलवर पुढे पाठवता येईल एवढंच. प्रत्येक पानावर समोरच्याचं म्हणणं आधी, त्याच्याच शब्दांत, पुरतं. बोवेननं केलं तसं. आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव. आमच्या पोरांना निनावी मजकूर फार मिळतो.

विदर्भातल्या पाळकांना एवढंच, की नाताळच्या नाटकांच्या तालमी दिवाळीनंतर सुरू होतील, ईस्टरच्या त्यानंतर. मग्दालिया मरियेची साडी यंदा दुसऱ्या रंगाची काढा.

विद्यार्थी कापूस वेचणीच्या दिवसांत पाठवू नका, तेव्हा कुणालाच वेळ नसतो. फेब्रुवारी बरा, किंवा मग मे, पण मे महिन्यात यवतमाळचं ऊन पुण्याच्या माणसाला सोसवेल का हे तुम्ही ठरवा. राहण्या-जेवणाची सोय घराघरांत होईल. भाकरी, ठेचा, वरण-भात असतो, रविवारी सावजी. नागपूरला उतरलात तर यवतमाळची एसटी मिळते, आणि यवतमाळच्या बसस्थानकावर तुम्हाला घ्यायला तो वेल्डिंगवाला पोरगा येईल. तो परत यायला लागलाय. त्याच्याजवळ आता नवी रील आहे, यावेळी हनोखाच्या पुस्तकाची, आणि यहूदाच्या पत्रात त्याच हनोखाचा दाखला आहे हे त्याला स्वतःला सापडलंय. मला त्याचं नीट उत्तर येत नाही. त्याला सांगितलंय, पुण्याहून माणसं येणार आहेत, त्यांना विचार.

आपला,
लोहाऱ्याच्या शास्त्रपाठातला एक भाऊ
लोहारा, जि. यवतमाळ